चौदावा खडा



गेल्या दिवाळीनंतर साताऱ्याहून भाचीचा फोन आला. तिच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. "मामी, मुलीला हिऱ्याची अंगठी घ्यायचीय. तुम्ही बी.कॉम., तुम्हाला हिशेब कळतो. शिवाय आजीच्या हिऱ्याच्या कुड्या इतकी वर्षं तुमच्याकडे आहेत. हिरा पारखायचा कसा, ते सांगा."

मी "कळवते" म्हणून फोन ठेवला. कारण हिऱ्यातलं मला काही कळत नाही, हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं.

त्या कुड्यांची गोष्ट आधी सांगायला हवी. सात खड्यांच्या कुड्या, मधे एक आणि भोवती सहा, दोन्ही मिळून चौदा खडे. सासूबाईंच्या कानात त्या सणासुदीला आणि दशलक्षण पर्वात असायच्या. 1991 साली सासूबाई गेल्या. त्यांच्या दागिन्यांची वाटणी झाली तेव्हा एका सराफाला घरी बोलावलं. त्यांनी आठ तोळ्यांच्या पाटल्या आणि या कुड्या साधारण सारख्या किमतीच्या ठरवल्या. पाटल्या माझ्या नणंदेकडे, म्हणजे साताऱ्याच्या अक्कांकडे गेल्या, कुड्या माझ्याकडे आल्या. 2019 च्या पुरात कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलं, तेव्हा घर सोडताना मी कागदपत्रांच्याही आधी पिशवीत टाकली ती ही डबी.

तीन वर्षांपूर्वी मी परिग्रह-परिमाणाचं व्रत घेतलं. घर, शेत, सोनं, भांडी, कपडे, प्रत्येकाची मर्यादा लिहून काढली. लिहिताना लक्षात आलं की कुड्या मी चार वर्षांत कानात घातल्याच नाहीत. मला मुलगी नाही. सुनेला पुण्यात नोकरीवर जाताना असलं काही घालायचं नसतं, तिने स्वतःच सांगितलं की द्यायच्या तर आत्यांच्या घरी द्या. मग ठरलं, अक्कांच्या लेकीला, म्हणजे या भाचीला, तिच्या मुलीच्या लग्नात कुड्या द्यायच्या. देण्याआधी धुऊन, फिरक्या तपासून द्याव्यात म्हणून मी सराफाकडे गेले.

दुपारी दोनला गेले. आम्ही सूर्यास्तापूर्वी जेवतो, त्यामुळे संध्याकाळी दुकानात रेंगाळणं मला जमत नाही. पण हिऱ्यासाठी हीच वेळ चांगली असं त्या दिवशी समजलं. दुकानातले ते छताचे दिवे असतात ना, त्यांच्याखाली काचही लखलखते. खड्याचा रंग बघायचा तर दिवसाचा उजेड हवा, तोही थेट ऊन नको, खिडकीशी सावलीत. त्या सराफांनी स्वतःहून कुड्या खिडकीपाशी नेल्या.

आपल्या सांगलीला सराफीची परंपरा मोठी. पु. ना. गाडगीळांची पेढी मूळची इथलीच, 1832 सालची. जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडीकडची गलाई करणारी माणसं भारतभर पसरली आहेत, कुठल्याही शहराच्या सराफ बाजारात जा, सोनं आटवून शुद्ध करणारा आपल्याकडचा निघतो. त्यामुळे सोन्याबद्दल इथल्या बाईला चार गोष्टी उपजतच कळतात. कसोटीवर घासा, आटवा, जे खरं ते उरतं. हिऱ्याचं तसं नाही. तो आटवता येत नाही. आणि तुकोबांच्या अभंगामुळे आपल्या डोक्यात ऐरणीवरचा हिरा पक्का बसलाय, पण कृपा करून कुणी तो प्रयोग करू नका. हिरा कठीण आहे याचा अर्थ त्यावर सहसा ओरखडा उठत नाही. घणाने मात्र तो फुटतो. ठरावीक दिशेने घाव बसला तर सरळ दुभंगतो, आणि हिरे घडवणारे कारागीर त्याच गुणाचा उपयोग करत आले आहेत.

सराफांनी पेनासारखं एक यंत्र काढलं. हिऱ्यातून उष्णता फार झपाट्याने जाते, त्यावर ते चालतं. टोक खड्याला टेकवलं की पीं वाजतं. पहिली कुडी, सात वेळा पीं. दुसरी कुडी, मधल्याला पीं, मग एक, दोन, तीन, चार, पाच. सहाव्याला काहीच नाही. त्यांनी टोक पुसलं, पुन्हा टेकवलं. शांत. मग भिंग लावून बघितलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "काकू, हा अमेरिकन डायमंड आहे."

तो खडा मला वेगळा ओळखता यायचा. सगळ्यांत गोल, सगळ्यांत पांढरा, इंद्रधनुष्याचे रंग जास्त फेकणारा. सुनेला एकदा मी तोच बोटाने दाखवून म्हटलं होतं, "बघ, जुन्या हिऱ्याचं पाणी कसं असतं." सराफांनी मला भिंगातून दाखवलं. बाकीचे तेरा जुन्या हाताने पाडलेल्या पैलूंचे, कुणी किंचित लांबट, कुणी एका बाजूला झुकलेला, रंगाने थोडे पिवळसर. हा एकटा आखीव. पण त्याच्या पैलूंच्या धारा गोलावल्या होत्या, साबणाची वडी वापरून होते तशा. हिऱ्याच्या धारा इतक्या वर्षांतही तीक्ष्ण राहतात. म्हणजे जो दोष म्हणून मी मनात सोडून देत होते तो खरेपणा होता, आणि ज्याचं कौतुक करत होते ते खोटं होतं.

सासूबाई या खड्यांना "ब्ल्यू जागर" म्हणायच्या. हा शब्द तुमच्यापैकी काहींनी आपल्या आज्यांकडून ऐकला असेल. दक्षिण आफ्रिकेत यागर्सफोंटेन नावाची खाण होती, तिथल्या निळसर झाक असलेल्या हिऱ्यांवरून तो आला. सराफांनी निळ्या-जांभळ्या प्रकाशाची बॅटरी मारली तेव्हा तेरातले काही निळे उजळले, बाकीचे नाही. एकाच खाणीचे तर ते नव्हतेच, आणि पिवळसर हिऱ्याला जागर कुणी म्हणणार नाही. पूर्वी त्या निळेपणासाठी लोक जास्त पैसे मोजत. आता रिपोर्टात त्याला फ्लुरोसन्स म्हणतात आणि पांढऱ्याशुभ्र हिऱ्यात तो ठळक असला तर बहुधा भाव उतरतो. खडा तोच, गुण तोच. असो.

घरी येताना रिक्षात मी वर्षं मोजत होते. 1996 ला एका कुडीचं कोंदण सैल झालं म्हणून एका दुकानात दुरुस्तीला दिली होती. चार दिवसांनी आणली. जुन्या फायलीत पावती सापडली. त्यावर लिहिलंय, "कुड्या जोड 1, दुरुस्ती". वजन नाही. खड्यांची संख्या नाही. दुधाच्या बिलात चार रुपयांची चूक काढणारी मी, स्टॉक रजिस्टर कसं ठेवावं यावर परीक्षेत सोळा मार्कांचं उत्तर लिहिलेली मी, आणि अख्खा दागिना अशा पावतीवर देऊन आले होते. ते दुकान आता नाही. त्यांनीच केलं असं म्हणायला माझ्याकडे काही पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय कुणाच्या माथी चोरी मारणं हे मला पटत नाही.

आमचे हे म्हणाले, "त्यात काय, एक खडा बदलून घे आणि दे. कुणाला कळणार आहे?" यांचा हेतू वाईट नव्हता. खड्याला पैसेही फार पडणार नव्हते. पण मला रात्री झोप आली नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार आहेत. त्यात खोटी मापं ठेवणं आहे, आणि प्रतिरूपक व्यवहार आहे, म्हणजे अस्सलाच्या जागी नक्कल देणं. स्वाध्यायात हे आलं की आम्ही बायका मान डोलावून पुढे जायचो, हा दुकानदारांचा विषय म्हणून. मी नक्कल देणार नव्हते, खराच खडा बसवून देणार होते. तरी "आईच्या कुड्या" म्हणून जे मी देणार, त्यातला एक खडा आईचा नसणार आणि तो कसा गेला हे मी लपवणार. अस्सल म्हणून दुसरंच काही दिल्यासारखं ते झालं असतं. शिवाय हे माझं एकटीचं नव्हतं. वाटणीत त्या कुड्यांच्या समोर अक्कांच्या पाटल्या उभ्या होत्या.

म्हणून कुड्या घेऊन साताऱ्याला गेले. एस.टी.ने, कऱ्हाडमार्गे, डबी दशमीच्या डब्याखाली ठेवून. अक्कांकडे पोचल्यावर पाणीसुद्धा न पिता सगळं सांगितलं. भाची तिथेच होती.

अक्का बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कुड्या तुला गेल्या तेव्हा मी महिनाभर तुझ्याशी बोलले नव्हते. आठवतंय?"

आठवत होतं. मी म्हटलं, "आणि सोन्याचा भाव वाढायला लागल्यापासून मी मनात दर वर्षी तुमच्या पाटल्यांची किंमत काढत होते." हेही खरंच होतं. 2025 मध्ये सोनं दहा ग्रॅमला लाखावर गेलं तेव्हा आठ तोळ्यांचं गणित मी स्वयंपाक करता करता केलं होतं. आणि कुड्या मोडायच्या म्हटल्या तर सराफांनी जो आकडा सांगितला तो त्याच्या आठव्या हिश्श्याएवढाही नव्हता. सोन्याचा दर रोज पेपरात येतो, घेतानाचा आणि मोडतानाचा फरक थोडा असतो. हिऱ्याला असा एक दर नाही. प्रत्येक खडा निराळा, आणि दुकानातून बाहेर आणला की तो विकणारीला घेणारा शोधावा लागतो. हिरा गुंतवणूक म्हणून घ्यावा असं जर कुणी सांगत असेल तर मोडीचा भाव लिहून मागा.

अक्का हसल्या. "पाटल्या कुठायत? 1999 लाच मोडल्या. यांच्या ऑपरेशनला." मला हे माहीतच नव्हतं. इतकी वर्षं मी नसलेल्या पाटल्यांचा भाव काढत होते. मोडल्या तेव्हा सोनं आजच्या मानाने कवडीमोल होतं.

मग त्यांनी मला एक वाट काढून दिली. म्हणाल्या, "मला पुसट आठवतं, मी नऊ-दहा वर्षांची असताना आईच्या कुडीचा खडा पडला होता. तेव्हाच कुणीतरी खोटा बसवला असेल. तू मनाला लावून घेऊ नकोस." मला केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! मी ते धरून बसलेसुद्धा.

पंधरा दिवसांनी भाची तिच्या लेकीला घेऊन सांगलीला आली. कुडीचा खडा आणि अंगठी, दोन्ही एकदमच बघायचं होतं. पुन्हा दुपारी गेलो. या वेळी मी वही नेली होती. त्या दिवशी जे शिकले ते लिहिते, कारण विचारणाऱ्या तुम्हीही पुष्कळ आहात.

कॅरेट हा शब्द सोन्यात शुद्धतेचा आणि हिऱ्यात वजनाचा. हिऱ्याचं एक कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम, त्याचे शंभर सेंट. अर्धं कॅरेट म्हणजे दिसायला निम्मा हिरा असं नसतं. एक कॅरेटचा गोल हिरा साडेसहा मिलिमीटरच्या आसपास, अर्ध्याचा पाचच्या थोडा वर. भाव मात्र निम्म्याहून पुष्कळ खाली येतो, कारण मोठा खडा दुर्मीळ आणि कॅरेटमागचा दरच त्याला जास्त. अर्धा, एक, अशा पुऱ्या आकड्यांवर दर उडी मारतो. म्हणून 95 सेंटचा हिरा एक कॅरेटवाल्यापेक्षा डोळ्याला वेगळा दिसत नाही आणि पैसे वाचवतो.

रंगाची अक्षरं डी पासून झेडपर्यंत. ए, बी, सी का नाहीत, तर ती अक्षरं दुकानदार आधीच आपापल्या परीने वापरून बसले होते, म्हणून अमेरिकेतल्या जीआयए संस्थेने डी पासून सुरुवात केली. डी म्हणजे अगदी बेरंग, पुढे पिवळसरपणा वाढत जातो. सुटा हिरा पांढऱ्या कागदावर पालथा ठेवून बाजूने बघायचा, समोरून नाही, समोरून चमक डोळ्याला फसवते. पिवळ्या सोन्यात बसवायचा असेल तर डी-ई साठी पैसे ओतणं मला वायफळ वाटतं, सोन्याची झाक त्यात उतरतेच.

स्वच्छतेचं तसंच. आतले ठिपके, रेषा दहापट भिंगातून बघून दर्जा देतात. व्हीएस म्हटलं की नुसत्या डोळ्याला काही दिसत नाही. एसआय मध्ये खडा हातात घेऊन, मधोमध काळा ठिपका नाही ना एवढं बघावं. ठिपका म्हणजे अपशकुन असं समजणाऱ्या बायका अजून आहेत. "हिरा सगळ्यांना लाभत नाही, तीन दिवस उशाशी ठेवून बघ" असं मलाही शेजारणीने सांगितलं. आपलं बरंवाईट आपल्या कर्माने होतं, खड्यातल्या ठिपक्याने नाही, एवढं तरी आपल्याला बस्तीत शिकवलेलं असतं.

सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत कमी विचारला जाणारा म्हणजे कट. नेहमीच्या गोल हिऱ्याला 57 किंवा 58 पैलू असतात. त्यांचे कोन बरोबर असले की वरून आत गेलेला उजेड पुन्हा वर येतो. हिरा फार खोल ठेवला तर वजन वाढतं, दुकानदाराला पैसे मिळतात, पण उजेड बाजूने निसटतो आणि मध्यभाग काळवंडतो. फार उथळ ठेवला तर खड्यातून आरपार बोट दिसतं. भाचीच्या लेकीने दोन खडे शेजारी ठेवून बघितले. रिपोर्टातली रंगाची आणि स्वच्छतेची अक्षरं एकाची वरची होती, पण दुसरा कटने सरस होता. ती दोनदा फिरून दुसऱ्याकडेच आली. रंगात, स्वच्छतेत एखादी पायरी खाली उतरा, कटमध्ये उतरू नका.

खरा की खोटा हे घरी ओळखण्याचे उपाय फोनवर सारखे येतात. फुंकर मारायची, वाफ लगेच गेली तर खरा. काच आणि अमेरिकन डायमंड यात पकडले जातात, पण मॉइसनाइट निसटतो. पाण्यात बुडतो का बघा, म्हणे. अमेरिकन डायमंड तर हिऱ्याहून जड, तो आधी बुडेल. ते पीं वाजणारं साधं यंत्रही मॉइसनाइटला हिरा म्हणून पास करतं. आणि प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा या सगळ्यांतून निघतो, कारण तो हिराच असतो. तोच कार्बन, तीच रचना. भल्या भल्या जवाहिऱ्यालाही नुसत्या भिंगाने ते सांगता येत नाही, मोठी यंत्रं लागतात. म्हणून खड्याबरोबर रिपोर्ट हवा. जीआयए आणि आयजीआय दोन्हींच्या प्रयोगशाळा मुंबईत आहेत. रिपोर्टचा नंबर त्यांच्या वेबसाइटवर टाकून बघा, आणि तोच नंबर पुष्कळदा खड्याच्या कडेवर लेसरने कोरलेला असतो, तो भिंगातून दाखवायला सांगा. दुकानदाराला राग येत नाही, आणि आला तर उठा.

हॉलमार्कबद्दल एक गैरसमज फार आहे. हॉलमार्क आणि तो सहा अक्षरांचा एचयूआयडी नंबर फक्त सोन्याची शुद्धता सांगतो. हिऱ्याबद्दल तो एक शब्द बोलत नाही.

प्रयोगशाळेतला घ्यावा की खाणीतला यावर दुकानातच वाद झाला. मुलीला प्रयोगशाळेतला हवा होता, तेवढ्याच पैशात कितीतरी मोठा येतो. ती म्हणाली, खाणीसाठी जमीन खणायची, तिथले पृथ्वीकायिक जीव, त्यापेक्षा हा बरा नाही का? भाची म्हणाली, आणि भट्टीला वीज लागते ती? मागे चातुर्मासात एका आर्यिका माताजींना मी असंच विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "तिसरा पर्याय आठवत नाही का? न घेण्याचा." तो पर्याय लग्नाच्या खरेदीत मांडायचं धाडस मला झालं नाही. माझं मत एवढंच की प्रयोगशाळेतला हिरा खोटा नाही, तो न सांगता विकणं खोटं. त्याला मोडीचा भाव फारसा येणार नाही हे धरून चालावं. जीआयएने 2025 मध्ये तर त्याला डी-ई अशी अक्षरं देणं थांबवलं, आता नुसतं प्रीमियम किंवा स्टँडर्ड. मुलीने तोच घेतला, आणि बिलावर "प्रयोगशाळेत तयार केलेला" हे शब्द स्वतः लिहवून घेतले. मला ती आवडली.

बिलावर आता मी वाटेल तेवढा वेळ घालवते. एकूण वजन, निव्वळ सोन्याचं वजन, हिऱ्यांची संख्या, हिऱ्यांचं वजन, सगळं वेगळं हवं. आपल्या कुड्यांचंच उदाहरण घ्या. चौदा खडे, साधारण 15 सेंटचे, एकूण 2.10 कॅरेट, म्हणजे 0.42 ग्रॅम. एकूण वजनातून निव्वळ वजन वजा केलं की एवढंच उरलं पाहिजे. काही ठिकाणी सोन्याचा भाव एकूण वजनावर लावतात, खड्यासकट. ग्रॅमला दहा हजार धरा, चार हजार दोनशे रुपये हिऱ्याचे सोन्याच्या भावाने वर दिले, हिऱ्याचे निराळे दिले ते वेगळेच. आणि दागिना दुरुस्तीला देताना हेच सगळं पावतीवर घ्या, मोबाइलवर दोन्ही बाजूंनी फोटो काढा. मी हे कुणाला शिकवावं असा माझा अधिकार नाही, तरी सांगते.

कुडीच्या खड्याला वेळ लागला. सराफांनी आधी जो छान पांढरा खडा काढला तो बाकीच्या तेरांत परका दिसायला लागला, अगदी त्या खोट्यासारखा. मग पुडीतले सतरा-अठरा खडे खिडकीशी एकेक करून लावून बघितले. शेवटी के रंगाचा, किंचित पिवळसर एक बसला. दुकानात एकटा बघितला असता तर आम्ही बाजूला सारला असता. प्रयोगशाळेतले एवढे लहान खडे त्यांच्याकडे सगळे पांढरेच होते, त्यामुळे तो प्रश्न उरला नाही.

निघताना मी सहज विचारलं, हा अमेरिकन डायमंड किती जुना असेल? ते म्हणाले, "काकू, हा प्रकारच बाजारात आला 1976 नंतर."

अक्का नऊ-दहा वर्षांच्या होत्या तेव्हा साल होतं 1963 नाहीतर 64.

घरी येऊन मी आधी जेवून घेतलं, दिवस मावळत आला होता. मग साताऱ्याला फोन केला. म्हटलं, "अक्का, तुम्हाला आठवतोय तो खडा हा नव्हे. सालं जुळत नाहीत. 76 ते 91 आईंच्या हातात होत्या, तेव्हा झालं असेल, पण दुरुस्तीला मी दिल्या होत्या 96 ला. माझ्याच हातून गेला असण्याचा संभव जास्त." पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "बरं. लिहून ठेव तसं."

तेच लिहिलं. डबीत मावेल एवढी चिठ्ठी केली. चौदा खडे, तेरा जुने, एक नवा, त्याचं वजन, रंग, बिलाचा नंबर. आधीचा खडा अमेरिकन डायमंड, 1976 नंतरचा, कधी बदलला ते माहीत नाही, 1996 ला दुरुस्तीला दिल्या होत्या. खाली माझी सही. खोटा खडा एका कागदाच्या पुडीत त्याच डबीत ठेवला.

लग्नाच्या आदल्या दिवशी साताऱ्याला भाचीच्या हातात डबी दिली. अक्कांनी चष्मा लावून चिठ्ठी दोनदा वाचली. मग पेन मागितलं, आणि माझ्या सहीखाली लिहिलं: पाटल्या, आठ तोळे, मोडल्या 1999.